बाई असणं पुरेसं होतं

फोन विमलभाभीच्या नंबरवरून आला, म्हणून उचलल्या उचलल्या मी विचारलं, “काय झालं गं कोर्टात?” पलीकडे गाडीचं इंजिन घरघरत होतं आणि एक अनोळखी पुरुष बोलत होता. “ताई, मी एसटीचा कंडक्टर बोलतोय. प्रकाशा गावाजवळ या बाईंना एकदम घाम फुटला आणि त्यांनी मान टाकली. आम्ही गाडी तशीच दवाखान्यात आणली आहे. तुमचा नंबर सगळ्यात वर होता, म्हणून…” मी लोणखेड्याच्या माझ्या घरून रिक्षा करून निघाले. पोचले तेव्हा तिच्यावर चादर ओढलेली होती. कंडक्टर आणि ड्रायव्हर दोघंही पायरीवर थांबले होते, गाडीतली माणसं दुसऱ्या बसने पुढे पाठवून. त्या दोघांची नावंसुद्धा मला विचारायची सुचली नाहीत. त्या दिवशी कोर्टात काय झालं ते मला नंतर वकिलाकडून कळलं. समोरचे वकील आले नव्हते. पुढची तारीख मिळाली. म्हणजे ज्या न्यायासाठी ही बाई सहा-सात वर्षं झिजली, त्या न्यायाने तिच्याशी बोललेला शेवटचा शब्द ‘पुढची तारीख’ हा होता.

आता काही आठवडे उलटले आहेत. लोक म्हणतात, मन शांत झाल्यावर लिही. माझं मन शांत झालेलं नाही आणि शांत होऊन लिहायची माझी इच्छाही नाही. विमलभाभी माझ्या मधल्या भावाची, रमणची बायको. तिने ज्याच्याविरुद्ध दावा लावला तो माझा सख्खा मोठा भाऊ, अण्णा. घरातलं घरात ठेवायचं असतं, असं मला माहेरच्या चार जणांनी फोन करून सांगितलं आहे. घरातलं घरात ठेवलं म्हणूनच ती गोठ्याशेजारच्या खोलीत राहत होती, एवढंच मी त्यांना उत्तर दिलं.

आमचं गाव तापीकाठचं. केळी, ऊस, कापूस, विहिरीला बारमाही पाणी. घरात आम्ही गुजरी नि अहिराणी मिसळून बोलतो, गावात अहिराणी, आणि मराठी शाळेत नि कचेरीत. विमलभाभी लग्न होऊन आली तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या घरात बायका ओठांआड हसायच्या. ही आली ती मागच्या अंगणातून पुढच्या ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं हसायची. दुसऱ्याच वर्षी तिने रमणकडून ट्रॅक्टर शिकून घेतला. अण्णाला ते आवडलं नाही, पण केळीचे घड भरलेली ट्रॉली ती चिखलातून त्याच्यापेक्षा सफाईने काढायची, त्यामुळे तो गप्प बसला. कामाच्या दिवसांत तिचं ट्रॅक्टर चालवणं चालत होतं. पाहुणे आले की तिने आत जायचं, असा एक न बोललेला ठराव होता. ती आत जायची आणि आतूनच मोठ्याने हसायची.

रमण विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. नयना, त्याची मुलगी, तेव्हा शाळेत होती. दिवसकार्य होईपर्यंत अण्णाने फार चांगलं वागवलं, हे मी खोटं सांगणार नाही. त्यानंतर हळूहळू सगळं बदललं. आधी ट्रॅक्टरची किल्ली त्याच्या खिशात गेली. मग भाभीची खोली त्याच्या मुलाच्या लग्नासाठी लागली, आणि तिचं सामान गोठ्याशेजारी गेलं. मग नयनाच्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला. पोरीला नर्सिंगला जायचं होतं. अण्णा म्हणाला, बारावी पुरे, स्थळं बघू. तेव्हा भाभीने पहिल्यांदा तो शब्द उच्चारला… वाटणी. सातबारा वडिलांनंतर अण्णाच्या एकट्याच्या नावावर होता, सगळ्यांच्या वतीने. त्या ‘वतीने’ची त्याला आता आठवण राहिली नव्हती. त्याने भर ओट्यावर तिच्या थोबाडीत मारली. त्याच दिवशी ती नयनाला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “मीनाबेन, मी रडाले नही येल. माले वकील दखाड.”

वकील शोधणं सोपं होतं, परवडणं अवघड. जमिनीच्या दाव्याला फी लागते, कोर्टाची लागते, टायपिंगची, नकलांची, समन्सची लागते. मी देते म्हटलं तर तिने साफ नकार दिला. “तुन्हा नवरानी कमाई मन्हा दावामां कसाले?” म्हणाली. मग कुणीतरी सांगितलं की सरकार मोफत वकील देतं, त्याचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. आम्ही दोघी गेलो. ते कुठल्या गावचं, तिथे कोण बसलं होतं, ते मी लिहीत नाही. एका माणसाला धडा शिकवून काही होणार नाही, आणि तसा माणूस कुठल्याही टेबलामागे सापडू शकतो.

टेबलामागच्या गृहस्थांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि हसले. “म्हणजे तुम्ही गुजर. केळीवाले. बाई, हे गरिबांसाठी असतं. तुम्हाला फुकटचा वकील कशाला हवा?” भाभी म्हणाली, “साहेब, मन्ही केळी कोठे शे? दखाडा माले, मी आजच घड कापीसन लई येस.” ते पुन्हा हसले आणि म्हणाले, “उत्पन्नाचा दाखला आणा, मग बघू.”

तो दाखला आणण्यात तिचे दोन उन्हाळे गेले. नाव एकत्र कुटुंबाच्या रेशनकार्डावर, त्यामुळे उत्पन्न एकत्र कुटुंबाचं धरलं गेलं. अण्णाची केळी, अण्णाचा ऊस, अण्णाच्या मुलाचं खताचं दुकान, सगळं हिच्या डोक्यावर आलं. जिला त्या घरातून एक भाकरी मिळत नव्हती, ती कागदावर श्रीमंत ठरली. तिने वेगळं रेशनकार्ड मागितलं, तर वेगळं राहत असल्याचा पुरावा मागितला. पुरावा द्यायला गावातला कुणी तयार होईना, कारण सगळ्यांच्या शेताला पाणी अण्णाच्या विहिरीचं. शेवटी जो दाखला हातात पडला, त्यावरचं उत्पन्न मर्यादेच्या वर होतं. टेबलामागच्या गृहस्थांनी तो बघून परत केला. गावात बातमी आमच्याआधी पोचली होती. केळीवाल्यांची सून फुकटचा वकील मागत फिरते, म्हणून पारावर चेष्टा झाली. त्या काळात ती माझ्या घरी असूनही हसायची नाही. शेजारच्या शेतांत निंदणीला जायची, संध्याकाळी येऊन नयनाचा अभ्यास घ्यायला बसायची, आणि मध्येच विचारायची, “मीनाबेन, मी गरीब शे का श्रीमंत, हाई कोन ठरावस वं?”

मग आमच्या कॉलेजात कायद्याच्या माहितीचं शिबिर झालं. मी तिथे मराठी शिकवते, त्यामुळे सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. हॉलमध्ये विद्यार्थी, आसपासच्या गावांतल्या बायका, अंगणवाडीच्या सेविका; भाभी चौथ्या-पाचव्या रांगेत, कारण मी तिला ओढून आणलं होतं. एक तरुण न्यायाधीश बाई बोलायला उभ्या राहिल्या. मोफत वकील कुणाला मिळतो, हे त्या साध्या भाषेत सांगत होत्या. आदिवासी असेल, दलित असेल, तुरुंगात असेल, अपंग असेल, मूल असेल, तर उत्पन्न किती हे विचारायचंच नसतं. आणि स्त्री असेल तर… त्या थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, “तर ती स्त्री आहे, एवढं पुरेसं आहे. उत्पन्नाची मर्यादा बाकीच्यांना. कोर्टाची फी, टायपिंग, नकला, सगळा खर्च सरकार करतं. वकिलाला एक पैसा द्यायचा नाही.”

मी माईक हातात धरून स्टेजच्या कडेला उभी होते. भाभी उभी राहिलेली मला दिसली. तिला माईक लागला नाही. “मंग माले उत्पन्नना दाखला कसाले मांगा?” सगळा हॉल वळून पाहायला लागला. “दोन वरीस फिरनू मी. तलाठी, तहसील, परत तलाठी. मी बाई नही शे का? त्यासले दखायनं नही का?” मागच्या बाकांवरची दोन-चार पोरं हसली. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तिचं म्हणणं मराठीत सांगू लागले, तर त्यांनी हात करून मला थांबवलं. “मला समजलं,” त्या म्हणाल्या. “चूक आमच्या बाजूची आहे. कार्यक्रम संपल्यावर मला भेटा.” पुढच्याच आठवड्यात वकील मिळाला. दोन वर्षं जे झालं नाही, ते एका आठवड्यात झालं, आणि त्या आनंदात आम्ही दोघी रडलो. आज त्या रडण्याचासुद्धा मला राग येतो. जे पहिल्या दिवशी तिच्या हातात द्यायचं होतं, त्याचे उपकार मानत आम्ही रडत होतो. आणि जी बाई त्या हॉलमध्ये नव्हती, तिचं काय? धडगावच्या वरच्या पाड्यातली, नवापूरच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये राबणारी, जिची नणंद कॉलेजात शिकवत नाही… तिला कोण सांगणार होतं?

पहिल्या वकिलांनी कागद पाहिले आणि वरखर्चाचं बोलायला लागले. “सरकार देतं त्यात माझं पेट्रोलही निघत नाही, ताई. फुकटात काम होईल, पण फुकटासारखंच होईल.” भाभी उठून उभी राहिली. “साहेब, तुमनं पेट्रोल सरकारकडे मांगा. मी त्यान्ही बायको नही,” म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर आल्यावर मात्र आता काम बिघडलं, असं तिला वाटायला लागलं. वकील बदलून मागता येतो, हेही आम्हाला विचारून विचारून कळलं. मी अर्ज लिहिला, तिने सही केली. दुसरी वकील आली ती सातपुड्यातल्या एका पाड्यावरची पावरा आदिवासी मुलगी, नुकती सनद घेतलेली. तिच्याकडे गाडी नव्हती, मोठं ऑफिस नव्हतं. ती आमच्याकडे बसने यायची, जमिनीवर बसून भाभीकडून शेताच्या बांधाबांधाची माहिती घ्यायची, आणि भाभी तिला जेवल्याशिवाय सोडायची नाही.

वाटणीच्या दाव्यात सगळ्या वाटेकऱ्यांना सामील करावं लागतं. मी मुलगी, म्हणजे मीही वाटेकरी. त्यामुळे अण्णासोबत मीही प्रतिवादी झाले. समन्स घेऊन बेलीफ आला तेव्हा दार भाभीनेच उघडलं. कागद माझ्या हातात देऊन ती किती तरी दिवसांनी हसली, तिचं ते जुनं, ओट्यापर्यंत जाणारं हसू. “तुन्हावर दावा लावा मी, आनि तुन्हाच घरनी भाकर खास!” मी कोर्टात लिहून दिलं की तिचं म्हणणं खरं आहे आणि तिला वाटा मिळाला पाहिजे. त्याआधी अण्णा एकदा येऊन गेला होता, हक्कसोडीचा कागद घेऊन. मी सही केली नाही. त्या वर्षीपासून माझी भाऊबीज बंद झाली.

साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी भाभीला पिंजऱ्यात बराच वेळ उभं ठेवलं. तुम्हाला घरात त्रास नव्हता, राहायला खोली होती, हे खरं ना? तुम्हाला दोन वेळचं जेवण मिळत होतं ना? भाभी म्हणाली, “गोठातला बैललेभी भेटस, साहेब. त्यालेभी खोली शे. पन तो वाटनी नही मांगस. मी मांगस.” न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहून घेतलं. मी अण्णाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता.

निकाल तिच्या बाजूने लागला. तिला आणि नयनाला रमणचा वाटा द्यावा, असा हुकूम झाला. आम्ही कोर्टाच्या बाहेर चहा प्यायलो. भाभीने विचारलं, “मंग मी वावरमां कधी जाऊ?” आणि त्या मुलीने, आमच्या वकिलीणबाईने, कपातला चहा हलवत सांगितलं की काकू, ते अपिलात जातील. ते गेले. हुकुमाला स्थगिती मिळाली. अपिलासाठी पुन्हा मोफत वकिलाचा अर्ज करावा लागला, पुन्हा एक नवी खिडकी आली, आणि खिडकीतल्या नव्या माणसाने पुन्हा तेच विचारलं, उत्पन्नाचा दाखला आहे का? भाभीने या वेळी आवाज चढवला नाही. पदर डोक्यावरून नीट घेतला, खिडकीत वाकली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, “मी स्त्री आहे.” तेवढं एक वाक्य तिने पाठ करून ठेवलं होतं. त्या माणसाला काही कळलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मात्र उठून अर्ज घेतला. असं एखादं माणूस भेटायचं, आणि त्या एखाद्या माणसाच्या भरवशावर ती वर्षं काढत राहिली. कायदा छापलेला आहे, सगळ्यांना सारखा आहे, तरी तो मिळण्यासाठी दर वेळी एखादं भलं माणूस त्या वेळी जागेवर असावं लागतं. हा काय न्याय झाला?

तिची छाती दुखते, हे तिने मला कधी सांगितलं नाही. नयनाला सांगितलं होतं, आणि शपथ घातली होती. नयना नर्सिंग करून आता शहाद्याच्या एका दवाखान्यात आहे. आईला घेऊन ती डॉक्टरांकडे गेली, तेव्हा आणखी तपासण्या करायला सांगितल्या. भाभी म्हणाली, हाई तारीख होऊ दे, मंग करू. प्रत्येक तारखेला ती हेच म्हणत राहिली.

अण्णा अंत्ययात्रेला आला. खांदा द्यायला पुढे झाला, मी अडवलं नाही. पण दहाव्याला सगळी भावकी बसलेली असताना कुणीतरी चार शब्द बोला म्हटलं, आणि अण्णा उठला. “आमना घरनी लक्ष्मी व्हती,” म्हणाला. आवाज भरून आला होता. कदाचित खरंच भरून आला असेल, मला ठाऊक नाही. मी बसल्या जागेवरून म्हणाले, “मंग अपील मागे ले, अण्णा.” तो म्हणाला, “मीना, हाई बोलानी जागा शे का?” मी म्हटलं, “मंग कोनती जागा शे? घरमां बोलनी तं तू मारं. गावमां बोलनी तं लोकं हसनात. कोर्टमां बोलनी तं तारखा दिन्यात. आते ती मरनी, आतेभी जागा नही का?” काकांनी मला हाताला धरून बाहेर नेलं. नयना मात्र आत बसून राहिली, आणि सगळ्यांच्या देखत अण्णाला एवढंच म्हणाली, “मोठेपप्पा, कोर्टात भेटू.”

अपील अजून त्याने मागे घेतलेलं नाही. आईच्या जागी आता वारस म्हणून नयनाचं नाव लागायचं आहे. त्यासाठी परवा तारीख होती, आम्ही दोघी गेलो. कोर्टात आमचा पुकारा दुपारनंतर झाला. आमची वकील उभी राहिली, समोरच्यांनी कागदाला उत्तर द्यायला मुदत मागितली, मुदत मिळाली. आम्ही परत आलो.

माझ्या मोरीची खिडकी शेजारच्या जुबेदाचाचींच्या अंगणात उघडते. त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून पत्र्याचं काम चालतं, आवाजाची त्यांना सवय आहे. तरी त्या म्हणायच्या की विमलबेनची तारीख असली की मला आमच्या ठोकाठोकीतही कळतं. कारण कोर्टातून आली की भाभी चहासुद्धा घ्यायची नाही. सरळ मोरीवर बसायची आणि भांडी घासायला घ्यायची. नसली खरकटी, तर फळीवरची घासलेली काढायची. कढया, पातेली, हंडे, राख लावून, दातओठ खाऊन. मी तिला कधी उठवलं नाही. अर्ध्या तासाने ती उठायची, हात धुवायची आणि म्हणायची, चल, आते चहा ठेव.

परवा आल्यावर मी पलंगावर आडवी झाले. नयना कपडे बदलायला आत गेली असं मला वाटलं. मग मोरीवर पातेलं आपटलं. मग दुसरं. मग सगळी फळीच खाली आल्यासारखा आवाज सुरू झाला. मी उठले नाही.

थोड्या वेळाने अंगणातून जुबेदाचाचींची हाक आली. “आज तारीख थी क्या, बेटा?”

“हां, चाची,” नयना घासता घासताच म्हणाली.

“क्या हुआ?”

आवाज क्षणभर थांबला.

“तारीख,” ती म्हणाली, आणि पुन्हा घासायला लागली.